‘सुरक्षित’ या शब्दाचा गोतावळा

टपालाच्या कार्डांचे दिवस होते, तेव्हां परगांवीं गेलेला माणूस मुक्कामीं पोहोंचला कीं दुसऱ्या दिवशीं घरीं एक कार्ड टाकी. त्यांतलें पहिलें वाक्य ठरलेलें असे : ‘सुखरूप पोहोंचलों.’ मग सामानाचा मजकूर येई. लोणच्याची बरणी शाबूत आली. पाटल्या आत्याबाईंच्या पेटींत जपून ठेवल्या आहेत. फीचे पैसे मामांजवळ अनामत आहेत. धाकट्याला वाटेंत नीट सांभाळलें. सांगावयाचें होतें तें एवढेंच, कीं कोणालाहि व कशालाहि इजा झालेली नाहीं. पण ‘बरणी सुखरूप आली’ असें लिहिलें असतें तर घरांत हंशा पिकला असता, आणि ‘मी शाबूत पोहोंचलों’ असें लिहिलें असतें तर गाडीला अपघात झाला कीं काय, या शंकेनें आईला रात्रभर झोप आली नसती.

आतां हीं सारीं कामें एकटा ‘सुरक्षित’ हा शब्द करूं लागला आहे. प्रवास सुरक्षित, गुंतवणूक सुरक्षित, कागदपत्रें सुरक्षित. २०२० सालच्या साथींत तर दोन माणसांमधलें अंतरहि सुरक्षित झालें. शब्द चांगला आहे, शुद्ध आहे, आणि सरकारी पत्रकांत शोभतो. पण त्यानें ज्यांचीं कामें घेतलीं ते शब्द नुसते त्याचे पर्याय नव्हते. राखणारा कोण, कशापासून राखावयाचें, आणि राखतां आलें नाहीं तर भरून कोणीं द्यावयाचें, हें ते शब्द सांगत असत. ‘सुरक्षित’ यांपैकीं कांहींच सांगत नाहीं. वस्तु सुरक्षित आहे म्हटलें कीं राखणारा वाक्यांतून नाहींसा होतो. हा फरक केवळ व्याकरणाचा नाहीं, हें या शब्दांच्या इतिहासांत जरा खोल गेलें म्हणजे दिसतें.

संस्कृत ‘रक्ष्’ धातूचीं मराठींत दोन घराणीं नांदतात. एक पोथींतलें : रक्षण, रक्षक, संरक्षण, सुरक्षित. दुसरें प्राकृताच्या वाटेनें शेतांत उतरलेलें : राखणें, राखण, राखणदार, राखीव. पहिल्या घराण्याला मान अधिक, दुसऱ्याला काम अधिक. शेत राखतात, गुरें राखतात, मान राखतात, मर्जी राखतात, अब्रू राखतात. जोंधळा हुरड्यास आला कीं माळ्यावर गोफण घेऊन बसणारा पोरगा ‘राखणीला’ बसलेला असतो. तो संरक्षण करीत असतो असें कोणी म्हणत नाहीं. राखण्याला नेहमी शत्रु लागतो : पांखरें, डुकरें, चोर, किंवा चार लोकांची जीभ.

गांवाची राखण हा तर जुन्या दख्खनी गांवगाड्याचा एक खांबच होता. महार, रामोशी व कांहीं भागांत भिल्ल यांच्याकडे ती असे, आणि तिच्याबद्दल धान्याच्या रूपानें त्यांचा हक्क ठरलेला असे. पण त्या हक्काबरोबर येणारें ओझें फार मोठें होतें. रात्रीं चोरी झाली कीं राखणदारानें चोराच्या पावलांचा माग काढावयाचा. तो माग शेजारच्या गांवच्या शिवेपर्यंत नेऊन दाखवला म्हणजे जबाबदारी त्या गांवावर जाई. तेथल्या राखणदारानें तो पुढें न्यावयाचा. माग आपल्याच शिवारांत हरवला तर नुकसानीची भरपाई याच गांवावर व त्याच्या राखणदारावर पडे. पेशवाई गेल्यानंतर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यानें १८१९ सालीं जिंकलेल्या मुलखाविषयीं जो अहवाल लिहिला, त्यांत या रिवाजाची नोंद आहे. साहेबाला तो चमत्कारिक वाटला असेल. पण ‘राखणें’ या क्रियापदाचा पुरा अर्थ त्या रिवाजांत आहे. राखणारा म्हणजे नुसता जागणारा नव्हे, गेलेल्याचा जाब देणारा. मूठभर जोंधळ्यावर साऱ्या गांवाच्या चोऱ्यांचा जाब ज्यांच्या माथीं होता त्यांना गांवानें शिवेबाहेर ठेवलें होतें, हेंहि त्याच इतिहासांत लिहिलेलें आहे.

हीच जबाबदारीची गोष्ट गडावर निराळ्या रीतीनें साधलेली दिसते. कृष्णाजी अनंत सभासद यानें १६९७ सालीं जिंजीस जी बखर लिहिली, तींत शिवछत्रपतींच्या गडांची व्यवस्था सांगितली आहे. प्रत्येक गडावर हवालदार, सरनौबत व सबनीस असे तिघे एका दर्जाचे अधिकारी, आणि कोठारासाठीं कारखानीस. कारभार सर्वांनीं मिळून करावयाचा. एक फितूर झाला तरी दुसऱ्याच्या संमतीवांचून गड शत्रूच्या हातीं जाऊं नये, हा त्यांतला हेतु. येथें ‘हवालदार’ हा शब्द पाहण्यासारखा आहे. हवाला म्हणजे सोंपवणूक. ज्याच्या हातीं वस्तु सोंपवली तो हवालदार. पुढें तो फौजेंत व पोलिसांत दंडावरच्या पट्ट्यांचा धनी झाला, आणि त्याच्या नांवांत एक सोंपवलेली वस्तु दडलेली आहे हें लोक विसरले. ‘हवाला’ या शब्दाचें नशीब तर त्याहून वाईट. आज तो उच्चारला कीं बेकायदा पैसाच आठवतो.

गडावर तोफेइतकीच मोलाची गोष्ट म्हणजे पाणी. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत, म्हणजे अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांतल्या त्या राजनीतीच्या ग्रंथांत, दुर्गांच्या प्रकरणीं पाण्याविषयीं मोठी सावध सूचना आहे. गडावर झरा आहे एवढ्यावर विसंबून राहूं नये. जादा टांकीं बांधून त्यांतलें पाणी एरवीं खर्चूं देऊं नये, असा तिचा आशय. अशा पाण्याला अमात्यांनीं ‘जखिरा’ हा अरबी शब्द वापरला आहे, आणि गडाच्या पाण्याविषयीं बोलतांना ‘जतन’ व ‘राखणें’ हे दोन्ही शब्द एकाच ठिकाणीं जोडले आहेत. ही द्विरुक्ति नव्हे. राखावयाचें तें शत्रूपासून आणि उधळ्या हातांपासून. जतन करावयाचें तें मात्र दररोज, शत्रु नसतांनाहि : टांकें उपसणें, गाळ काढणें, भेग बुजवणें. यात्रेची जत्रा झाली, योग्याचा जोगी झाला, त्याच वाटेनें संस्कृत ‘यत्न’ मराठींत ‘जतन’ झाला. शब्दाच्या पोटांत कष्ट आहेत. जें आपोआप टिकतें त्याला मराठींत जतन केलें असें म्हणतां येत नाहीं.

‘जपणें’ याचा स्वभाव याहून मऊ. तब्येत जपतात, मन जपतात, नातें जपतात, म्हाताऱ्या माणसाला जपतात. येथें शत्रु कोणी नसतो. वस्तूच नाजूक असते. देवाचें नांव जपणें आणि कांचेचें भांडें जपणें यांना क्रियापद एकच. व्युत्पत्तिकार त्याविषयीं काय ठरवावयाचें तें ठरवोत. तोंडीं सतत एक नांव आणि मनीं सतत एक काळजी, हीं दोन एकमेकांपासून फार दूर नाहींत, असें बोलणाऱ्यांच्या कानाला वाटलें असावें. ‘सांभाळणें’ याला मात्र लांब पल्ला लागतो. पोर सांभाळतात, घर सांभाळतात, दुकान सांभाळतात. ‘सांभाळून घेणें’ म्हणजे दुसऱ्याचें उणें आपल्या अंगावर घेणें. हा अर्थ ‘सुरक्षित’ला कितीहि उपसर्ग लावले तरी यावयाचा नाहीं.

फारशी-अरबीच्या वाटेनें आलेलीं माणसेंहि या गोतावळ्यांत पुष्कळ आहेत. बंदोबस्त म्हणजे मुळांत बांधणें व आवळणें. सलामत तर ‘शिर सलामत तर पगडी पचास’ या म्हणीवर बसून घरोघर पोहोंचला. हिफाजत आला पण पाहुण्यासारखाच राहिला, आणि त्याच धातूचा ‘महफूज’, ज्याचा अर्थच राखलेलें, जपलेलें असा आहे, तो उर्दूंत मानानें नांदला तरी मराठींत त्याला पाट मिळाला नाहीं. त्याचा भाऊ ‘हाफिज’ मोठा विचार करण्यासारखा आहे. ज्याला सारें कुराण मुखोद्गत तो हाफिज, म्हणजे राखणदार. ग्रंथ राखण्याची जागा पेटी नव्हे, माणसाचें स्मरण, ही कल्पना घनपाठी वैदिकाला कोणीं समजावून सांगावी लागली नसती. क्रम, जटा, घन असे पाठ रचून त्याच्या पूर्वजांनीं तेंच केलें होतें.

‘शाबूत’ची गंमत निराळी. अरबी ‘साबित’, म्हणजे स्थिर, पक्कें, याच्या घराण्यांतले दोन शब्द मराठींत आले. एक शाबूत, म्हणजे न फुटलेलें. दुसरा शाबीत, म्हणजे पुराव्यानें ठरलेलें. एक स्वयंपाकघरांत गेला, दुसरा कचेरींत. ‘डोकें शाबूत आहे ना?’ असें विचारणारा मनुष्य बरणीचाच शब्द दुसऱ्याच्या मस्तकाला लावीत असतो. संस्कृतांत या अर्थाजवळचा शब्द ‘अक्षत’. लग्नांत वधूवरांवर जे तांदूळ पडतात त्यांना अक्षता म्हणावयाचें तें त्यांतला दाणा न तुटलेला असावा म्हणून. बाजारच्या कणीच्या अक्षता करणाऱ्या यजमानाला हें सांगावें लागतें.

शिवकालीं राज्यव्यवहारकोश झाला, त्यांत कारभारांतल्या यावनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिलेले आहेत. कोशाचा हेतु राजकीय होता व तो त्या काळीं योग्यच होता. परंतु घरांतल्या बरणीपर्यंत कोश पोहोंचत नाहींत. पुढें विसाव्या शतकांत भाषाशुद्धीचा वाद पेटला तेव्हां माधव जूलियन यांनीं ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहिला; आणि १९२५ सालीं फार्शी-मराठी कोश रचून हे परके शब्द आदरानें नोंदवून ठेवले तेहि त्यांनींच. ज्या शब्दांशीं भांडावयाचें तेहि आधीं नीट जतन करावे, ही वृत्ति पुढच्या वादकांत फारशी दिसली नाहीं.

आतां पैशाकडे वळावें, कारण राखण्याची खरी परीक्षा तेथें होते. ‘अनामत’ हा अरबी ‘अमानत’. मराठी जिभेनें नुकसानाचें नुस्कान केलें, त्याच चालीवर येथें ‘म’ आणि ‘न’ यांची अदलाबदल केली. अमानत, अमीन आणि इमान हे तिन्ही एका धातूचे. कोणाजवळ अनामत ठेवली म्हणजे त्याच्या इमानाजवळ ठेवली. आज निवडणुकीचे निकाल लागले कीं अमुक उमेदवारांची अनामत जप्त झाली, अशी बातमी येते; विश्वासाचा हा शब्द नव्या पिढीला मुख्यतः जप्तीमुळें ठाऊक आहे.

शब्द परका असला तरी व्यवहार येथला जुनाच. मनुस्मृतींत व्यवहाराचीं, म्हणजे दाव्यांचीं, अठरा पदें सांगितलीं आहेत. त्यांत ऋणाच्या खालोखाल दुसरें पद निक्षेपाचें. याज्ञवल्क्यानें ‘उपनिधि’ हा प्रकार निराळा सांगितला : पेटींत किंवा वेष्टनांत घालून, आंत काय आहे तें न सांगतां, दुसऱ्याच्या हातीं दिलेली वस्तु. ती तशीच परत द्यावयाची. राजानें नेली, दैवी आपत्तींत गेली किंवा चोरानें लांबवली, तर ठेवून घेणाऱ्यावर दोष नाहीं. मात्र मालकानें मागितली असतां दिली नाहीं आणि मग ती गेली, तर मोल भरून द्यावें, शिवाय दंडहि द्यावा. याज्ञवल्क्यावरची मिताक्षरा ही टीका चालुक्यांच्या कल्याणींत विज्ञानेश्वरानें लिहिली, आणि महाराष्ट्रांतील धर्मशास्त्री शेंकडों वर्षें तिच्या आधारें निवाडे करीत आले. कुलूप चांगलें होतें कीं नव्हतें हा शास्त्रकारांचा मुख्य प्रश्न नाहीं. मालकानें मागितलें तेव्हां दिलें कीं नाहीं, हा आहे. दप्तराची गोष्ट पुढें यावयाची आहे, तेथें हा नियम ध्यानांत ठेवण्यासारखा आहे.

जुन्या बोलण्यांत मौल्यवान वस्तूला एक विलक्षण नांव होतें : जोखीम. ‘बरोबर जोखीम आहे, रात्रीं गाडी हांकूं नको,’ असें म्हणणाऱ्याच्या कमरेला सोन्याची पुतळ्यांची माळ नाहीं तर रोख रुपये असत. धोक्याचा शब्द आणि धनाचा शब्द एकच. दाम्याजवळ दाम नाहीं त्याला जोखीम नाहीं, आणि ज्याला जोखीम नाहीं त्याला झोप लागते. सावकारीच्या पेढ्यांवर जोखमी हुंडी चाले, तींत वाटेंतला धोका व्यवहारांतच धरलेला असे. पुढें ‘विमा’ आला. त्याच्या मुळाशीं फारशी ‘बीम’ म्हणजे भीति आहे. १९५६ सालीं आयुर्विम्याचें राष्ट्रीयीकरण होऊन महामंडळ स्थापन झालें, तेव्हां या भीतीच्या शब्दाला गीतेंतल्या योगक्षेमाच्या वचनाचा आधार बोधवाक्य म्हणून देण्यांत आला. भाष्यकारांच्या मतें जें नाहीं तें मिळवणें हा योग, आणि मिळालें तें राखणें हें क्षेम. पूर्वीं पत्राच्या आरंभीं ‘येथील क्षेम’ लिहून ‘आपलें कुशल कळवावें’ म्हणण्याचा जो परिपाठ होता, तेंच हें क्षेम. विम्याच्या हप्त्याच्या पावतीपर्यंत पोहोंचलें.

पण सामान्य कुटुंबाचें खरें धन सोनें नव्हतें, धान्य होतें. कोंकणांत व मावळांत कणगी : बांबूच्या कामट्यांची विणलेली, शेणानें लिंपलेली. वाड्यांत भिंतींत बांधून काढलेलें बळद, ज्याचें तोंड वर आणि धान्य काढण्याचें भोंक तळाशीं. देशावर, जेथें पाऊस कमी व जमीन कोरडी, तेथें पेंव. जमिनींत खोल खणून, आंतून काड व कडबा लावून, जोंधळा भरून तोंड माती-दगडानें बंद करीत. दुष्काळांत त्याचा आधार असे, आणि चोराला किंवा लुटारू फौजेला तें सहसा दिसत नसे. मात्र उघडतांना जपावें लागे. बंद धान्याच्या श्वासोच्छ्वासानें आंत विषारी हवा सांचते. उघडल्याबरोबर उतरणारा माणूस गुदमरून मरतो. म्हणून तोंड उघडून पेंव बराच वेळ तसेंच ठेवीत, आणि आंत दिवा सोडून तो जळतो कीं विझतो हें पाहून मग माणूस उतरवीत. अमक्या गोष्टीचें ‘पेंव फुटलें’ असें वर्तमानपत्रें रोज लिहितात, तें याच भांडाराच्या आठवणीनें. पेंव पाहिलेला संपादक आतां विरळा. घरांतल्या कडधान्याला गृहिणी एरंडेल चोळी किंवा राख लावी, गव्हांत कडुनिंबाचा पाला घाली. बीं मात्र वेगळें, आणि तें खाण्याची मनाई. उपास पडले तरी बियाण्याच्या मडक्याला हात न लावणारीं घरें होतीं. ‘राखून ठेवणें’ याचा कठोर अर्थ त्या मडक्यांत होता.

हाच ‘राखून’ पुढें कायद्यांत गेला, तेव्हां त्याचा चेहरा पालटला. १८७८ च्या जंगल कायद्यानें वनांचे वर्ग पाडले; त्यांतल्या दोहोंचीं मराठी नांवें ‘राखीव’ आणि ‘संरक्षित’. कोशांत हे शब्द सख्खे भाऊ आहेत. कायद्यांत त्यांच्यामध्यें मोठी भिंत उभी राहिली. संरक्षित वनांत जें मना केलेलें नाहीं तें करतां येतें. राखीव वनांत ज्याची परवानगी नाहीं तें कांहींच करतां येत नाहीं. ज्या डोंगरावर बापजाद्यांनीं गुरें राखलीं, तोच डोंगर राखीव झाला आणि गुरें कोंडवाड्यांत जाऊं लागलीं. जोतीराव फुले यांनीं १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथांत जंगलखात्यानें शेतकऱ्याचीं चराऊ रानें हिरावल्याबद्दल जी तक्रार केली ती या काळची आहे. पूर्वीं रान राखण्याचा सह्याद्रींतला उपाय देवराई. तेथें कुऱ्हाड चालवावयाची नाहीं हा गांवाचाच नेम, आणि राखणदार म्हणजे देव. कोंकण-गोमंतकांत ‘राखणदार’ म्हटलें कीं अजूनहि शिवेवरचें दैवतच आठवतें. जंगलखात्यानें राखलेलें रान वांचलेंच नाहीं असें म्हणणें अन्यायाचें होईल; पुष्कळ वांचलें. पण राखणारा व ज्याच्यासाठीं राखावयाचें तो, यांची फारकत तेव्हां प्रथम कागदावर झाली.

याच शब्दाला दुसऱ्या एका राजाज्ञेनें न्याय दिला, हेंहि सांगितलें पाहिजे. २६ जुलै १९०२ रोजीं कोल्हापूरच्या शाहू महाराजांनीं आपल्या संस्थानांतल्या रिकाम्या होणाऱ्या जागांपैकीं निम्म्या मागासलेल्या वर्गांसाठीं राखून ठेवण्याचा हुकूम काढला. येथें राखणें पुन्हां माळ्यावर बसलें. आधीं येऊन सारें वेंचून नेणाऱ्या पांखरांपासून दुसऱ्याचा वांटा राखावयाचा होता.

आणि आतां कागद. मराठ्यांच्या राज्याचें दप्तर हें जगांतल्या मोठ्या दप्तरांपैकीं एक. कागद रुमालांत बांधीत. रुमाल म्हणजे खिशांतला नव्हे, गांठोड्याचा चौकोनी कपडा. पेशवाईनंतर सरकारी रुमाल इंग्रजांच्या ताब्यांत गेले. १८५२ च्या इनाम कमिशनला वतनांची व इनामांची छाननी करण्यासाठीं ते हवे होते, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्यांत त्यांच्यासाठीं दगडी इमारतहि उभी राहिली. उंदीर, वाळवी, आग, पाऊस, सर्वांपासून बंदोबस्त झाला. तो इतका पक्का झाला, कीं ज्यांचा तो इतिहास त्यांनाहि आंत जाणें कठीण. संशोधकांना तें दप्तर दीर्घ काळ जवळजवळ बंदच होतें. याज्ञवल्क्याच्या भाषेंत, ठेव शाबूत होती. मागणाऱ्याला मिळत नव्हती.

त्याच काळांत बाहेर, माळ्यांवर व अडगळींत, खासगी घराण्यांचे कागद कुजत होते. विश्वनाथ काशीनाथ राजवाडे खांद्यावर पडशी टाकून गांवोगांव हिंडले. कोठें वारस कागद दाखवीत नसत, कोठें वाण्याच्या पुड्यांसाठीं ते गेलेले असत, कोठें वाळवीनें आधींच वाचून टाकलेले. १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ याचा पहिला खंड निघाला, त्यांत १७५० पासून पानिपतापर्यंतचीं पत्रें आहेत. त्याच्या आदल्या वर्षापासून वासुदेवशास्त्री खरे मिरजेस पटवर्धनी दप्तरांतला ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ छापूं लागले होते. शास्त्रीबोवा हायस्कुलांत संस्कृत शिकवीत. त्या पगारांत ऐतिहासिक पत्रें छापण्याचा खटाटोप करणें म्हणजे काय, हें मास्तरकी केलेल्यासच कळेल. १९१० सालीं पुण्यांत भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें. या लोकांजवळ दगडी इमारत नव्हती. त्यांचा उपाय एकच : कागद वाचावयाचा, नकलावयाचा, छापावयाचा, मग मूळ जळलें तरी मजकूर शंभर घरीं राहील. त्यांनीं केलें तें जतन. सरकारानें केली होती ती राखण, आणि तीहि निरुपयोगी नव्हती. कारण अखेर सरकारी दार उघडलें तेव्हां रुमाल जागेवर होते. गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखालीं १९३० ते १९३४ या काळांत पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे ४५ भाग प्रसिद्ध झाले.

इमारतीवर किती भरंवसा ठेवावा, याचा दाखला पुण्यासच पुढें मिळाला. ५ जानेवारी २००४ रोजीं भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांत जमाव शिरला आणि ग्रंथांची, हस्तलिखितांची नासधूस झाली. १९१७ सालीं स्थापन झालेल्या त्या संस्थेंत पोथ्यांसाठीं कपाटें होतीं, कुलुपें होतीं, सूचिपत्रें होतीं. त्या दिवशीं दाराशीं जाब विचारणारी राखण नव्हती. नंतर कित्येक लोकांनीं तेथें जाऊन फाटलेलीं पानें गोळा केलीं व लावलीं. त्या कामाला यत्न म्हणजेच जतन, याखेरीज दुसरें नांव नाहीं.

आतां संगणकावर लिहिलेला मजकूर टिकवावयाचा तर एका कळीवर बोट ठेवावें लागतें, आणि मराठींत त्या कळीचें नांव ‘जतन करा’ असें ठेवलें आहे. कष्टांचा शब्द नेमका बिनकष्टाच्या जागीं बसला. जुन्या कागदांचीं छायाचित्रेंहि या रीतीनें जतन होत आहेत व तें चांगलेंच आहे; वाळवीला तीं खातां येत नाहींत. पण रुमालांतले बहुतेक कागद मोडींत आहेत, आणि मोडी विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास शाळांतून गेली. राज्याचें पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग चालवतें, परीक्षा घेतें. तेथें शिकलेलीं माणसें रुमालांच्या मानानें थोडीं. मोडी न जाणणाऱ्यानें रुमाल सोडला, कागद उलटसुलट करून पाहिला, फाटलेला नाहीं, भिजलेला नाहीं, अशी खात्री केली आणि पुन्हां गांठ मारली, तर यादींत त्या कागदापुढें त्याला एकच शेरा लिहितां येतो : ‘सुरक्षित.’